मातीची गाडी आणि गाळलेला अंक

पोळ्याच्या आधी वर्धा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे दोन शिक्षक एक वही घेऊन माझ्याकडे आले. त्यांपैकी एक माझा जुना विद्यार्थी. वहीत चौथीच्या वर्गासाठी तीन आठवड्यांचे घटक नियोजन होते. एकच नाटक घ्यायचे आणि भाषा, गणित, परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव हे सगळे विषय त्याच्याभोवती गुंफायचे, अशी कल्पना. नाटक शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. “सर, तुम्ही मराठीचे आहात, एकदा नजर घाला,” एवढेच त्यांचे म्हणणे होते.

मी नजर घातली, दोन-चार सूचना केल्या, चहा झाला आणि ते गेले. नंतर जाणवले की जे बोलायला हवे होते ते मी बोललोच नाही. ते आता लिहितो. हा प्रश्न त्या दोघांपुरता नाही. अभिजात म्हणून आपल्या हाती दिलेल्या वाङ्मयाचे आपण काय करायचे, हा प्रश्न या चळवळीने पुष्कळ वेळा विचारला. पण तो विद्यापीठाच्या पातळीवर विचारला. नऊ वर्षांच्या मुलापुढे ते वाङ्मय ठेवताना काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे ठरवणारा माणूस प्राथमिक शिक्षक असतो. त्याच्या वहीची समीक्षा कोणी करीत नाही. ती करावी असे मला वाटते.

प्रथम नियोजनाचे गुण सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून हट्ट धरतो. दासी त्याला मातीची गाडी करून देते. त्याला ती नको असते. वसंतसेना त्याचे रडणे पाहते आणि आपले दागिने काढून त्या मातीच्या गाडीत भरते. नाटकाचे नावच या प्रसंगावरून आलेले आहे. शिक्षकांनी नेमका हाच प्रसंग मध्यभागी ठेवला आहे. मुले मातीची गाडी करतील. चाकाचा परीघ दोऱ्याने मोजतील. कोणती माती भाजल्यावर तडकते, कोणती टिकते, हे पाहतील. उज्जयिनी नकाशात शोधतील. दागिन्यांच्या वजनावर उदाहरणे सोडवतील. शेवटी प्रवेश करून दाखवतील.

आपल्या भागातल्या मुलांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून पोरे ओळीने उभी राहतात. याच जिल्ह्यातील सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा मोठमोठ्या लाकडी नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. ज्याच्या घरी कोरीव, चाकावरचा बैल आहे तो पुढे असतो. ज्याच्या घरी नाही तो मातीचा बैल हातात धरून ओळीच्या शेवटी उभा राहतो. मी शेवटी उभा राहिलेला आहे. म्हणून रोहसेन का रडतो ते मला टीकाग्रंथ न वाचता कळले होते. शिक्षकांनी तान्ह्या पोळ्याचा हा धागा धरला, ही त्यांची दृष्टी मोलाची आहे.

एका गोष्टीभोवती सगळे विषय शिकवण्याची ही कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलांशी जोडलेल्या शिक्षणावर भर दिला म्हणून आज नवी वाटते. वर्ध्याला ती नवी नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात २२ व २३ तारखांना वर्धा शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने सात वर्षांच्या मोफत, सक्तीच्या, मातृभाषेतील आणि हस्तोद्योगकेंद्री शिक्षणाचा आराखडा दिला. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघाने त्याचा प्रयोग केला. टकळीवर सूत काततानाच गणित, भूगोल, विज्ञान, भाषा शिकायची, या पद्धतीला ‘समवाय’ हा शब्द रूढ झाला. उद्योग, निसर्ग आणि समाज ही समवायाची तीन केंद्रे मानली गेली.

या तीन केंद्रांपैकी समाज हे केंद्र नेहमी दुबळे राहिले, हे माझे पहिले म्हणणे आहे. उद्योगाचे तपशील बारीक असत. किती तार, किती नंबरचे सूत, सारे मोजलेले. पण सूत कोण काततो, कापूस कोण वेचतो, जिनात कोण राबतो, गावाच्या कोणत्या टोकाला कोण राहतो आणि का राहतो, हे प्रश्न टकळीला जोडणे अवघड नव्हते, तरी ते तितक्या आग्रहाने जोडले गेले नाहीत. श्रमाला प्रतिष्ठा द्यावी हा विचार ज्यांच्या हाताला कधी श्रम माहीत नव्हते त्यांच्यासाठी क्रांतिकारक होता. ज्यांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या श्रमाशिवाय दुसरे काही मिळालेच नव्हते, त्यांची भूक अक्षराची होती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले आणि जमनालाल बजाजांनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. या गोष्टी लहान नाहीत. पण मंदिराचे दार उघडणे वेगळे आणि ते इतकी वर्षे बंद का होते हा प्रश्न शाळेच्या फळ्यावर लिहिणे वेगळे.

खुद्द ‘मृच्छकटिका’तच या उद्योगविचाराला उत्तर देणारे एक पात्र आहे. दुसऱ्या अंकातला संवाहक, म्हणजे अंग रगडणारा माणूस, मूळचा पाटलिपुत्राच्या गृहस्थाचा मुलगा. अंग रगडणे ही कला म्हणून तो शिकला. आता तीच त्याची पोटाची वाट झाली आहे, असे तो वसंतसेनेला सांगतो. कला आणि पोट यांतले अंतर शूद्रकाला कळले होते. आवडीने शिकतो ती कला आणि ज्यावाचून गत्यंतर नाही ते बंधन.

आता वहीतून काय गाळले आहे ते पाहू. नाटक दहा अंकांचे आहे. वहीत पहिल्या अंकाचा थोडा भाग, सहाव्यातला गाडीचा प्रसंग आणि शेवटी ‘सत्याचा विजय होतो’ असा एका ओळीचा समारोप आहे. आठव्या अंकात वसंतसेनेला वाचवणारा बौद्ध भिक्खू वहीत नाही. तिला मारण्याचा हुकूम नाकारणारा दास स्थावरक नाही. आणि संपूर्ण दहावा अंक, चारुदत्ताला वधस्थळी नेणारे दोन चांडाळ, हा भागच नाही.

मी कारण विचारले होते. तीन कारणे मिळाली. एक, वधाचा प्रसंग लहान मुलांपुढे नको. दोन, ‘चांडाळ’ हा शब्द शाळेत उच्चारला तर गावातून तक्रार येईल. तिसरे कारण माझ्या जुन्या विद्यार्थ्याने खाली पाहून सांगितले: “सर, चांडाळाचं काम कोणाला द्यायचं?”

तिसरे कारण हेच खरे कारण आहे. पहिली दोन त्याच्यासमोर उभी केलेली ताटी आहेत. म्हणून तिसऱ्याचे उत्तर आधी द्यावे लागते आणि ते देताना मला माझ्या चौथीच्या वर्गात जावे लागते.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात हरिश्चंद्राचे नाटक बसवले होते. राजा, राणी, विश्वामित्र यांची कामे देताना गुरुजींनी मुलांकडून वाचून घेतले, आवाज तपासले. स्मशानातल्या डोंबाचे काम मला वाचून न घेताच दिले. “तुला शिकवायची गरज नाही,” असे ते म्हणाले. वर्ग हसला, मीही हसलो. हसण्यावाचून दुसरे काय करायचे असते, हे त्या वयात ठाऊक नव्हते. संमेलनाच्या रात्री आई कापूस वेचून आली होती. हातपाय धुऊन, मागच्या बाजूला बसून तिने नाटक पाहिले. घरी जाताना तिने एकच विचारले, “राजा तर तुह्या घरचा नोकर होता नं? मंग तूच काहून हात जोडून उभा होता?”

कथेप्रमाणे डोंबाने राजाला विकत घेतलेले असते. तो मालक आहे. पण दिग्दर्शकाला, म्हणजे गुरुजींना, मालक असलेला डोंब कल्पनेत आणता आला नाही आणि मलाही आला नाही. माझ्या अक्षरशत्रू आईला तो दिसला. संहितेचे नीट वाचन म्हणजे काय, हे मी नंतर एम.ए.ला शिकलो असे म्हणण्याची पद्धत आहे. ते मी त्या रात्री शिकलो.

आईच्या नजरेने ‘मृच्छकटिका’चा दहावा अंक वाचला तर काय दिसते?

दिसतात ते दोन माणसे. त्यांच्या हातात राजाचा हुकूम आहे आणि मनात तो पाळण्याची इच्छा नाही. रस्त्यात ते थांबतात. चारुदत्त त्यांच्याकडे एक मागणे मागतो तेव्हा ते चकित होतात: हा ब्राह्मण आमच्या हातून काही घेणार? चारुदत्त सांगतो की अविचारी राजा पालकासारखा चांडाळ नसतो. मरण्यापूर्वी मुलाचे तोंड पाहू द्या. ते पाहू देतात. रोहसेन येतो. तोच रोहसेन, गाडीसाठी रडणारा. बापाला का मारता, असे तो चांडाळांना विचारतो. त्याच्याऐवजी मला मारा म्हणतो. चांडाळ या पोराला दीर्घायुष्य चिंतितात. पुढे वध कोणी करायचा, पाळी कोणाची, यावर दोघांत वाद होतो. एकजण म्हणतो, बापाने मरताना सांगितले आहे: पाळी आली तरी घाई करू नको. कोणी भला माणूस पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल आणि कैदी सुटतील, हत्ती मोकाट सुटून गोंधळ होईल, कदाचित राजाच बदलेल. हा उपदेश या नाटकातले सर्वांत शहाणे राजकीय भाष्य आहे असे मी मानतो. हुकूम मोडण्याची ताकद नसलेला माणूस वेळ काढतो. वेळ काढणे हाच त्याचा प्रतिकार. वध करताना तलवार हातातून गळून पडते तेव्हा चांडाळ सह्यवासिनी देवीला आळवतो. उज्जयिनीतला हा माणूस सह्याद्रीच्या देवीचे नाव घेतो.

आणि ते स्वतःविषयी जे बोलतात त्याचा आशय असा: आम्ही चांडाळकुळात जन्मलो तरी चांडाळ नव्हे, जो सज्जनाला छळतो तो पापी आणि तोच चांडाळ. जन्माने माणूस ठरत नाही, कृतीने ठरतो, हा विचार बुद्धाच्या उपदेशात आपण वाचतो. तो या नाटकात चांडाळाच्याच तोंडी येतो. आपल्या मुलांपासून नेमके हेच वाक्य गाळून त्यांना गाडी दाखवायची, याला काय म्हणावे?

पण मला शूद्रकाची आरती करायची नाही. ‘पाहा, आपल्या परंपरेत किती उदारता होती’ असे म्हणून चांडाळांच्या या वाक्यावर टाळ्या घेणारे समीक्षक पुष्कळ झाले. त्यांनी नाटकाचे शेवटचे पान वाचावे. पालक मारला जातो, आर्यक राजा होतो. चारुदत्त सुटतो. मग बक्षिसे वाटली जातात. भिक्खूला सर्व विहारांचा प्रमुख केले जाते. स्थावरकाला दास्यातून मुक्त केले जाते. वसंतसेनेला गणिकेची वधू केली जाते. आणि चांडाळांना? त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख केले जाते!

राज्यक्रांती झाली, गणिका वधू झाली, दास मुक्त झाला, चांडाळ मात्र चांडाळच राहिला. फक्त मोठा चांडाळ झाला. उद्या आर्यकाच्या हुकुमाने वधस्तंभाकडे कोणाला तरी नेण्याची पाळी त्याच्याच मुलाची असेल. ज्याने हे सारे घडवून आणले तो राजाचा मेहुणा शकार शरण आला म्हणून सोडला जातो. राजा बदलला पण पाळी बदलली नाही. शूद्रकाची माणुसकी इथे संपते. नाटककाराच्या प्रतिभेची मर्यादा त्याच्या समाजव्यवस्थेची मर्यादा असते, हे दाखवणारे यापेक्षा नेमके उदाहरण मला माहीत नाही.

याच नाटकात याची आणखी दोन साक्षे आहेत. सहाव्या अंकात वीरक आणि चंदनक हे दोन राजपुरुष भांडतात आणि एकमेकांची जात काढतात. एक न्हावी, दुसरा चामड्याचे काम करणारा. अधिकाराच्या जागेवर पोचलेल्यालाही भांडणात शेवटी जात ऐकावी लागते. ज्यांना नोकरीत हा अनुभव आला नाही त्यांनी हात वर करावा. नवव्या अंकात न्यायाधीश चारुदत्ताला दोषी ठरवतो, पण मनूचा आधार देऊन ब्राह्मणाला देहान्त शिक्षा देता येत नाही, हद्दपार करावे, अशी शिफारस करतो. उलट दहाव्या अंकात बेड्यांसह खिडकीतून उडी टाकून खरे सांगायला आलेल्या स्थावरकाचे बोलणे तो दास म्हणून कोणी मानत नाही. एकाच खटल्यात माणसामाणसाच्या शब्दाला वेगवेगळी किंमत. चौथीच्या मुलाला संविधान म्हणजे काय हे समजावण्यासाठी आणखी कोणती गोष्ट हवी? कलम १४ कायद्यापुढची समानता देते, कलम १५ भेदभावाला मनाई करते, कलम १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करते. ही कलमे पाठ करून घेण्याऐवजी विचारावे: २६ जानेवारी १९५० नंतर हा खटला चालला असता तर स्थावरकाची साक्ष कोणी नाकारली असती का?

आता ‘काम कोणाला द्यायचे’ या प्रश्नाकडे. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात एक समीकरण आधीच पक्के असते: चांडाळ म्हणजे आपल्या वस्तीतला मुलगा. हे समीकरण कोणी दिले? बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अपवित्र मानलेले आणि अस्पृश्य यांत काळजीपूर्वक भेद केला. फा-हियानने पाहिलेले चांडाळ, बाणाच्या ‘कादंबरी’तील चांडाळकन्या, ह्युएन त्संगचे लेखन ही सारी साक्ष त्यांनी तपासली आणि अस्पृश्यतेचा उगम इसवी सनाच्या ४०० च्या सुमारास ठेवला. त्यांच्या निष्कर्षांवर विद्वानांनी वाद करावा. पण त्यांची पद्धत पाहा. जुन्या ग्रंथातला एक शब्द उचलून तो आजच्या जिवंत माणसाला चिकटवायला त्यांनी नकार दिला. आमच्या गुरुजींनी नेमके उलट केले. मराठी भाषाही तेच करते. ‘चांडाळचौकडी’ हा शब्द लिहिताना कोणाचा हात थांबत नाही. नाटकातला चांडाळ म्हणतो की छळणारा तो चांडाळ. भाषेने त्याचे पहिले अर्धे वाक्य फेकले आणि शिवी तेवढी ठेवली.

म्हणून माझी सूचना अशी. दहावा अंक ठेवावा, वधाचे दृश्य दाखवू नये. तलवार गळून पडते तिथेच थांबावे. चांडाळाचे काम वर्गातल्या प्रत्येक मुलाने आणि मुलीने पाळीपाळीने करावे. नाटकातच पाळीचा वाद आहे, त्याचा उपयोग करावा. आज पाटलांचा मुलगा चांडाळ आणि विहाराजवळची मुलगी न्यायाधीश, उद्या उलट. चिठ्ठ्या मुलांनी काढाव्यात, शिक्षकांनी नव्हे. ‘तुला शिकवायची गरज नाही’ हे वाक्य कोणत्याही मुलाला ऐकावे लागू नये, एवढी काळजी घेतली तरी अर्धे काम झाले.

भाषेच्या तासालाही हे नाटक वहीत आहे त्यापेक्षा खूप अधिक देऊ शकते. ‘मृच्छकटिक’ हे संस्कृत नाटक म्हणून शिकवले जाते. प्रत्यक्षात त्यातली बहुतेक पात्रे प्राकृतात बोलतात. संस्कृत बोलणारे मोजके. वसंतसेनेची शौरसेनी, स्थावरकाची मागधी, शकाराची शकारी, चांडाळांची चांडाली, असे भेद टीकाकार पृथ्वीधराने नोंदले आहेत. म्हणजे नाटककाराने बोलींना रंगमंच दिला आणि त्याच वेळी त्यांची उतरंडही लावली. मुलांनी हे प्रवेश आपल्या बोलीत करावेत. ‘काहून’ आणि ‘मंग’ शाळेत चालत नाहीत हे त्यांना पहिलीतच कळलेले असते. ते चालतात हे चौथीत कळू द्यावे. हबीब तन्वीर यांनी १९५८ साली हेच नाटक ‘मिट्टी की गाडी’ या नावाने दिल्लीत केले तेव्हा छत्तीसगढच्या नाचा परंपरेतले कलावंत सोबत घेतले होते. आपल्याकडे दंडार आहे, खडी गंमत आहे, सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशाचा वारसा आहे. नाटक बसवायला पडदा लागत नाही.

गणितातही दागिन्यांच्या वजनापाशी थांबू नये. संवाहकावर जुगारात हरलेल्या दहा सुवर्णांचे कर्ज असते, ते वसंतसेना फेडते आणि तो पुढे भिक्खू होतो. आजच्या आपल्या गावात एक मजूर बाई दिवसाला किती किलो कापूस वेचते, किलोमागे काय मिळते, घरातले कर्ज किती दिवसांत फिटेल, हे उदाहरण मुले घरी विचारून मांडू शकतात. १९३७ च्या समवायात जे राहून गेले ते इथे भरून निघेल.

एक मोठा आक्षेप आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल आणि तो रास्त आहे. शूद्रकाची डागडुजी कशाला? आपले नाटक घ्या. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, हे त्यांनीच ‘गुलामगिरी’त सांगून ठेवले आहे. ते छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. भटजोशी एका कुणबी जोडप्याला गरोदरपणाची भीती घालून लुबाडतो आणि शेवटी ते नवराबायको शिकायला निघतात. असा शेवट असलेले दुसरे नाटक त्या काळात कुठे आहे? ‘शाकुंतला’चा शेवट राजाच्या ओळखीने होतो, ‘मृच्छकटिका’चा राजाच्या कृपेने, ‘तृतीय रत्ना’चा शेवट शाळेच्या दारात होतो. प्राथमिक शाळेसाठी याहून योग्य अभिजात नाटक नाही. ते अभ्यासक्रमात आलेच पाहिजे, आणि मी ते सातवीच्या वर्गासाठी सुचवतो. व्याज, दक्षिणा, ग्रहांची भीती आणि पाद्र्याशी चाललेला वाद समजायला तेवढे वय लागते.

पण ‘आपले नाटक’ घेतले म्हणून ‘त्यांचे नाटक’ सोडून द्यावे, हे मला पटत नाही. आपण सोडले तरी ते शिकवले जाणारच आहे. गाडीपुरते, दागिन्यांपुरते, चांडाळाशिवाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देवलांनी ते संगीत नाटक करून मराठी मध्यमवर्गाच्या घरात पोचवले. त्या घरांनी चारुदत्त आपला मानला. गोह आणि आहीन्त या चांडाळांची नावे किती रसिकांना आठवतात? आपण वाचले नाही तर त्यांना कोण वाचणार? नकार ही आपल्या साहित्याची मोठी शक्ती आहे. पण न वाचता दिलेला नकार दुबळा असतो. शेवटच्या पानापर्यंत वाचून दिलेला नकार कोणाला परतवता येत नाही.

तरी एक शंका माझ्या मनातून जात नाही, ती लपवीत नाही. पाळी लावली, चिठ्ठ्या काढल्या, तरी मधल्या सुट्टीत मैदानावर ‘ए चांडाळा’ अशी हाक पाटलांच्या मुलाला कोणी मारणार नाही. ती कोणाला मारली जाईल हे मला माहीत आहे आणि त्या शिक्षकालाही. वर्गातली समता घंटेबरोबर संपते. मग त्या मुलाला या प्रसंगात का घालायचे? माझे उत्तर असे की ती हाक नाटकावाचूनही मारली जातेच. फरक एवढाच की नाटक केलेल्या मुलाजवळ तिचे उत्तर असेल. छळणारा तो चांडाळ, हे त्याने स्वतःच्या तोंडाने शंभर माणसांपुढे म्हटलेले असेल. मला चौथीत ते उत्तर मिळाले असते तर मी वर्गाबरोबर हसलो नसतो. हे उत्तर पुरेसे आहे असा माझा दावा नाही. शाळेत रोज उभे राहणाऱ्या शिक्षकांनी ते तपासावे.

हे सारे मी त्या दोघा शिक्षकांना लिहून कळवले. माझ्या जुन्या विद्यार्थ्याने वही परत पाठवली आहे. ‘सत्याचा विजय होतो’ ही समारोपाची ओळ त्याने खोडली आहे आणि तिथे मुलांना विचारायचा प्रश्न लिहिला आहे: ‘शेवटी कोणाला काय मिळाले? चांडाळांना काय मिळायला हवे होते?’ त्याखाली मुलांच्या उत्तरांसाठी त्याने दोन पाने कोरी सोडली आहेत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे नियोजन मांडायचे की नाही, हे अजून त्याचे ठरलेले नाही. मांडावे, असे मी त्याला म्हटले आहे. ज्या शिक्षकांच्या हाती हा अंक पडेल त्यांनीही आपापल्या वह्या काढाव्यात आणि त्यांतून काय गाळले गेले आहे ते एकदा पाहावे.